जुन्या मारुती 800 मधला स्टिरिओ: डेक सर्वांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी 1996 साली घेतलेली मारुती 800 आजही रोजच्या वापरात आहे. तिच्यात जुना कॅसेट डेक आणि मागच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर आहेत. पुढे एकही स्पीकर नाही. एफएमवर खरखर येते, ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक शीळ चढत जाते, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. फोनमधली गाणी स्वच्छ ऐकू यावीत एवढीच अपेक्षा आहे. मात्र दुकानदाराने मोठ्या स्क्रीनचा ‘50 वॉट गुणिले 4’ डेक, एक ॲम्प्लिफायर आणि बारा इंची सबवूफर असा संच सुचवला आहे. तो घ्यावा का?

निदान आत्ता तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. गाड्यांचे वायरिंग आणि स्टिरिओ बसवण्याचे काम मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे करतो आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी एकही नवा डेक बसवून जाणारी नाही. उलट शीळ तशीच राहील आणि ॲम्प बसवल्यामुळे ती अधिक मोठ्याने ऐकू येईल. म्हणून मी कामाचा क्रम उलटा लावतो: आधी विजेचे आरोग्य, मग वायर, मग पुढचे दरवाजे आणि स्पीकर, आणि डेक सर्वांत शेवटी.

बॅटरी उतरण्यापासून सुरुवात करू, कारण शिळेचा धागा तिथेच सापडण्याची बरीच शक्यता आहे. या गाडीची बॅटरी साधारण 35 एएचची (अँपिअर-तासांची) असते. ती निम्मी रिकामी झाली की सेल्फ ओढत नाही असे धरले, तर चार दिवसांत, म्हणजे 96 तासांत, सुमारे साडेसतरा अँपिअर-तास कुठेतरी झिरपत आहेत. हिशेब केला तर हा करंट 180 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. अशा साध्या गाडीत सगळे बंद असताना तो 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. हे मोजण्यासाठी मल्टिमीटर 10 अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि केबल व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर जोडावा. मीटर जोडलेला असताना चुकूनही चावी फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. मग एकेक फ्यूज काढत आकडा केव्हा खाली येतो ते पाहावे.

डेकचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला, तर दोष डेकच्या जोडणीत आहे. त्या काळी बसवलेल्या अनेक डेकमध्ये पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनवर दिलेली मी पाहिली आहे. पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण टिकवण्यासाठी कायम चालू राहायला हवी, तर लाल वायर चावीच्या ॲक्सेसरी खुणेवरच चालू व्हायला हवी. दोन्ही एकत्र केल्या की चावी काढूनही डेक अर्धवट जागा राहतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर नजर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे वळवावी. अल्टरनेटरच्या आतले डायोड एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या करंटचे) डीसी (एकाच दिशेचा करंट) करतात. त्यातला एखादा खराब झाला की दोन गोष्टी एकदम होतात: गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलट्या वाटेने झिरपतो, आणि गाडी चालू असताना डीसीवर एसीची लाट स्वार होते. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी तुमची शीळ म्हणजे बहुधा हीच लाट. शिळेवर शंभर उपाय करून थकलेले लोक माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या काहींचा रोग फक्त अल्टरनेटरच्या दुकानात बरा होणारा असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मीटर एसी व्होल्टवर घ्यावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरावा. 0.1 व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला तर डायोड संशयित आहे. त्याच वेळी मीटर डीसीवर घेऊन 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात का, तेही पाहून घ्यावे.

अल्टरनेटर निर्दोष निघाला तर शीळ अर्थिंगमधून येते आहे असे समजावे. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या गाडीत निगेटिव्ह केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज आणि ग्रीस यांचा थर बसलेला असतो, आणि करंट मिळेल त्या आडवाटेने परतू लागतो. बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून लग घट्ट आवळावा आणि वरून ग्रीसचा हात द्यावा. हे अर्ध्या तासाचे आणि जवळजवळ फुकटचे काम आहे, तरीही दुकानात ते कोणी सुचवत नाही. जमले की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून डेकची काळी वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यातले व्होल्ट मोजावेत, ते 0.1 पेक्षा जास्त असू नयेत.

एफएमची खरखर हा स्वतंत्र विषय आहे. या गाडीत ओढून लांब करायची ॲन्टेना ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर असते. तिच्या बुडाशी पावसाचे पाणी मुरते, केबलच्या जाळीचा बॉडीशी असलेला संपर्क तुटतो आणि मग ॲन्टेना नुसती शोभेची काडी उरते. तिच्या टोकापासून डेकमध्ये जाणाऱ्या पिनपर्यंत सलगता आणि जाळीपासून बॉडीपर्यंत सलगता, अशा दोन गोष्टी मीटरने पाहाव्यात. खरखर टिक-टिक अशी इंजिनच्या तालावर असेल, तर ठिणगीचा त्रास आहे. रेझिस्टरवाले प्लग आणि चांगल्या प्लग वायरी घातल्या की तो बहुतेक थांबतो. डेक जपानमधून आलेल्या जुन्या मालातला घेऊ नये, कारण तिथला एफएम पट्टा 76 मेगाहर्ट्‌झपासून सुरू होऊन 90 च्या आसपास संपणारा होता. अमेरिकी मांडणीचा डेक तर फक्त विषम दशांशावर थांबतो, त्यामुळे पुण्यातले आकाशवाणीचे 101.0 त्यावर नेमके लागतच नाही. डेकच्या मेनूमध्ये प्रदेश बदलण्याची सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

आता वायर. डॅशबोर्ड उघडल्यावर आत काय दिसेल, हे मी न पाहता सांगू शकतो. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक 800 आली होती. डेक बाहेर ओढला तेव्हा मागे लाल चिकटपट्टीचा लिंबाएवढा गोळा लोंबत होता. उन्हाने पट्टीचा गोंद पाघळून काकवीसारखा झाला होता, तो बोटांना चिकटत होता, आणि गोळा सोडवला तेव्हा आत पाच वायरी एकमेकींभोवती नुसत्या पिळलेल्या निघाल्या. त्यातल्या दोघींचे तांबे हिरवे पडलेले होते. असा जोड गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो, तापतो आणि एक दिवस शेजारच्या वायरीला टेकतो. जोड पिळून सोल्डर करावा आणि वर हीट स्लीव्ह चढवावी, किंवा नीट मापाचे थिंबल (वायरीच्या टोकावरची धातूची टोपी) पक्कडीने दाबावे. चिकटपट्टी फक्त वायरींचा जुडगा बांधण्यासाठी वापरावी. डेकच्या मागे प्रमाणित कपलर बसवून घेतला तर पुढच्या वेळी कोणालाही वायर कापावी लागणार नाही.

वायरीच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून डेकपर्यंत तीन मीटर आणि परतीची तीन मीटर धरली, तर तिचा रोध सुमारे 0.23 ओहम होतो. डेकने ठोक्याला 10 अँपिअर मागितले की सव्वादोन व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात, आणि ढोलाचा ठोका पडताना डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हाच घाटा 0.3 व्होल्टवर येतो. वायर घेताना ती निव्वळ तांब्याची आहे ना, हे टोक खरवडून पाहावे. आत चंदेरी रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे आणि त्याच जाडीला जवळपास दीडपट रोध दाखवते. पण कल्हई केलेली तांब्याची वायरही वरून चंदेरीच दिसते, म्हणून खरवडल्याशिवाय निकाल देऊ नये. बॅटरीपासून निघणाऱ्या नव्या वायरीवर दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज ॲम्प वाचवण्यासाठी नसतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये यासाठी असतो. वायर इंजिनकडून आत येते त्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल, तर तो पत्रा सुरीसारखा काम करतो.

याच ठिकाणी जुन्या गाडीतला एक सापळा सांगतो. फार जुन्या डेकमध्ये स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीलाच दिलेली असायची आणि प्रत्येक स्पीकरला एकच वायर जायची. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. बॉडीच्या तुलनेत प्रत्येकीवर सुमारे 6 व्होल्ट असतात आणि त्यांच्यातला फरक म्हणजे आवाज. त्यातली एक जरी बॉडीला टेकली तरी डेक स्वतःला बंद करून घेतो, किंवा त्याची आयसी (आवाज मोठा करणारी आतली चिप) जळते. म्हणून जुन्या स्पीकर वायरींवर विसंबू नये. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी नव्याने टाकाव्यात. पांढरी डावी पुढची, राखाडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची, जांभळी उजवी मागची, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल ती निगेटिव्ह, असा बाजारातून वेगळ्या घेतलेल्या बहुतेक डेकचा रिवाज आहे. उलटसुलट झाली का हे ओळखण्यासाठी दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की पडदा बाहेर येतो. एक स्पीकर उलटा लागला तर आवाज येतो, पण बास एकमेकांना खाऊन टाकतो, आणि लोक उगीच सबवूफर शोधत फिरतात.

‘50 वॉट गुणिले 4’ याबद्दलही स्पष्ट सांगतो. गाडीच्या 14 व्होल्टांच्या आसपासच्या विजेवर, 4 ओहमच्या स्पीकरला, डेकची आतली आयसी गणिताने जास्तीत जास्त 24-25 वॉट देऊ शकते. स्वच्छ आवाज हवा असेल तर 18-20 वॉटच धरावेत. खोक्यावरचा 50 हा क्षणिक शिखराचा आकडा आहे. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण 800 सारख्या छोट्या केबिनला चांगल्या स्पीकरमधले 18 वॉट भरपूर होतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि तेवढीच वाढ 88 ऐवजी 91 डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच वॉटवर जास्त मोठा वाजणारा) स्पीकर निवडून, एक जादा अँपिअर न खाता मिळते. स्पीकरच्या खोक्यावरचे मोठे ‘मॅक्स वॉट’ सोडून हा छोटा छापलेला आकडा वाचावा.

खरा पैसा आणि खरी मेहनत पुढच्या दरवाज्यांत घालावी. आवाज समोरून आला पाहिजे. सध्या तुमचे गायक मागच्या काचेजवळ बसून तुमच्या मानेवर गातात. स्पीकर घेण्याआधी दरवाज्याचे पॅड काढावे आणि आतली जागा मोजावी. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली चूक इथे कबूल करतो. एका गाडीत साडेसहा इंची खोल स्पीकर मी मोठ्या हौसेने बसवले, वाजवून दाखवले, मालक खूश होऊन गेले. आणि अर्ध्या तासात परत आले. टोलनाक्यावर काच खाली घेताना ती स्पीकरच्या चुंबकावर आदळून तडकली होती. मी सगळी मापे काच वर असताना घेतली होती. काच माझ्या पैशाने बदलून दिली. तेव्हापासून काच पूर्ण खाली करून, हँडल फिरवत, चुंबक आणि काच यांच्यात निदान बोटभर जागा राहते का ते मी पाहतो. जागा कमी पडली तर 12 ते 18 मिलिमीटरची कडी घालून स्पीकर पुढे काढावा. ती कडी मरीन प्लायची किंवा प्लॅस्टिकची असावी. साधे एमडीएफ पहिल्याच पावसात पावासारखे फुगते. तुमच्या दरवाज्यात सव्वापाच इंची स्पीकर बसले तर उत्तम, नाहीतर चार इंची स्पीकर आणि वेगळे ट्वीटर (बारीक, उंच सुरांचे छोटे स्पीकर) घ्यावेत.

दरवाजा हेच स्पीकरचे खोके असते, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी विसरली जाते. स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की बास जागच्या जागी मरतो. म्हणून आतल्या पत्र्यावरची मोठी भोके बंद करावीत, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावावी, आणि बाहेरच्या पत्र्यावर, स्पीकरच्या नेमके मागे, दोन मिलिमीटरची ब्युटिल डॅम्पिंग शीट रोलरने दाबून चिकटवावी. पत्रा बोटाने वाजवला तर डब्यासारखा न वाजता ‘ठप्प’ असा वाजला पाहिजे. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नयेत. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की त्या घसरतात आणि वास मारतात. मात्र दरवाज्याच्या तळाची पाणी जाण्याची भोके कधीही बुजवू नयेत, आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद काढला असेल तर परत लावावा. काचेच्या रबरातून पाणी आत येतेच. ते बाहेर पडले नाही तर दोन पावसाळ्यांत दरवाजा खालून कुजतो आणि हार्डबोर्डचे पॅड वाकडे होते.

तुमच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत, म्हणजे दरवाज्यात वायर जायची तयार वाट बहुधा नसेल. खांबावर आणि दरवाज्यावर समोरासमोर भोके न पाडता थोड्या वरखाली पाडावीत, म्हणजे दरवाजा उघडताना वायर दुमडण्याऐवजी पिळली जाते आणि वर्षानुवर्षे टिकते. भोकाची कड घासून त्यावर गंजरोधक रंग लावावा, मगच ग्रोमेट घालावा.

मागचे ओव्हल स्पीकर चालू स्थितीत असतील तर ठेवावेत, पण फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल ठरवणारी डेकमधली सोय) पुढच्या बाजूला सरकवून त्यांचा आवाज जेमतेम जाणवेल इतकाच ठेवावा. ते ट्रेच्या पुठ्ठ्यावर नुसत्या स्क्रूंनी बसवलेले असतील तर खाली प्लायचा आधार देऊन बोल्टने आवळावेत. जोराचा ब्रेक लागला तर एवढे वजनदार चुंबक मागच्या प्रवाशाच्या डोक्याच्या पातळीवर असते, याचा विचार करावा. आणि चार स्पीकर करताना दोन स्पीकर एकाच चॅनलवर जोडण्याचा मोह टाळावा. तो भार 4 ऐवजी 2 ओहम होतो आणि डेक तापून बंद पडतो.

बारा इंची सबवूफर या गाडीत मला पटत नाही. बंद खोक्यासाठी त्याला सुमारे 30 लिटर जागा लागते, म्हणजे आधीच चिमुकली असलेली डिकी गेली. शिवाय हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकत्र चालू असताना गाडी स्वतःच 20 ते 25 अँपिअर घेते, आणि सिग्नलला मंद फिरणारा छोटा अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने देत नसतो. वरचा सगळा करंट मग बॅटरीतून निघतो. दरवाजे नीट झाल्यावरही बास कमी वाटला, तर आठ इंची, स्वतःचा ॲम्प असलेला लहान सबवूफर घ्यावा, आणि सीटखाली बसतो का हे सीट पुढेमागे सरकवून आधी मोजावे.

डेकबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. तुमचा खण 180 गुणिले 50 मिलिमीटरचा, म्हणजे सिंगल डिन आहे. स्क्रीनच्या डेकला याच रुंदीत दुप्पट उंची लागते आणि त्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागतो. कापलेला डॅशबोर्ड परत जोडता येत नाही. ब्ल्यूटूथ, यूएसबी, निदान एक जोडी प्रीआउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी टोके) आणि हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा खोल बास अडवणारी सोय) असलेला, सीडीची यंत्रणा नसलेला आखूड डेक घ्यावा; मागे वायरींना जागा राहते. बसवल्यावर पुढच्या स्पीकरचा हाय-पास 80 किंवा 100 हर्ट्‌झवर ठेवावा. लहान स्पीकरला खोल बासची ओझी उचलायला लावली नाही की त्याचा गळा मोकळा होतो.

सगळे झाल्यावर बॅटरीची गळती पुन्हा मोजावी आणि गाडी चार दिवस मुद्दाम उभी ठेवून सेल्फ मारून पाहावा. जुना कॅसेट डेक मात्र भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून, त्याच्या कपलरसह, माळ्यावर ठेवा.